मुलाच्या गेमचं खातं फुटलं, आता बँकेत जाऊ का?

वाचकांचे प्रश्न : पैसा, बँक आणि मोबाइल

माझ्याकडं येणारी पत्रं बहुतेक मुदत ठेवीची असतात, नाहीतर वारसदाराचं नाव लावायचं राहून गेल्याची. या महिन्यात मात्र गठ्ठ्यात सगळीकडं गेमच गेम. ऑनलाइन गेम पुरवणाऱ्या सेवेत कोणीतरी शिरून खातेदारांची माहिती उचलून नेली, कंपनीनं तसं कळवलं, आणि घरोघरी गोंधळ उडाला. कंपन्यांची नावं मी गाळली आहेत, त्यानं उत्तर बदलत नाही. पत्रं आटोपशीर केली आहेत.

*ताई, मुलगा अकरावीला आहे. गेल्या चवथीला त्याच्या आत्यानं दिलेल्या पैशांत थोडी भर घालून त्याला गेम खेळायचं यंत्र घेऊन दिलं. त्याच्या खात्याला माझं डेबिट कार्ड जोडलेलं आहे. आता कंपनीचा मेल आलाय की नाव, पत्ता, जन्मतारीख, ईमेल आणि पासवर्ड चोरीला गेले. पासवर्ड ‘हॅश’ केलेले होते म्हणे, आणि कार्डाची माहिती गेल्याचा ‘पुरावा आढळलेला नाही’. मी यंत्र कपाटात टाकून कुलूप घातलं. कार्ड बंद करू की बँकेतलं खातंच बंद करू? पोलिसांत जायचं का? घरात सध्या कोणी कोणाशी बोलत नाही.*
— एक पालक, साखळी

आधी ते कुलूप काढा. चोरी कंपनीच्या सर्व्हरवर झाली आहे, तुमच्या हॉलमध्ये नाही. मेल मुलाच्या पेटीत आला असणार, म्हणजे तो त्यानंच तुम्हाला दाखवला. दाखवल्याबद्दल यंत्र कपाटात गेलं, तर पुढचा मेल तो कोणाला दाखवणार नाही. शिवाय खाली जी कामं सांगते आहे ती तुम्हाला एकट्याला जमणार नाहीत. ती त्याच्याशेजारी बसूनच करायची आहेत.

सुरुवात बँकेपासून नाही, ईमेलपासून करा. गेमचा पासवर्ड आणि ईमेलचा पासवर्ड एकच आहे का, हे मुलाला विचारा. खरं उत्तर हवं असेल तर आवाज न चढवता विचारा. एकच असेल तर चोराला गेमपेक्षा मोठं घबाड मिळालं. ईमेल हाती आला की बाकी कुठंही जाऊन ‘पासवर्ड विसरलो’ दाबायचं, नवा पासवर्ड लावायचा दुवा त्याच पेटीत येऊन पडतो. हे कोणी एकेक नाव घेऊन हातानं करत बसत नाही. एका ठिकाणी मिळालेल्या ईमेल-पासवर्डच्या जोड्या दुसऱ्या शेकडो ठिकाणी लावून बघायचं काम संगणकच करतो. २०२० साली निन्टेंडोच्या खात्यांत असंच झालं. आधी १,६०,००० खाती सांगितली, जूनपर्यंत आकडा ३,००,००० वर गेला. कंपनीचं म्हणणं होतं की ते पासवर्ड आमच्याकडून गेले नाहीत, बाहेरून कुठूनतरी मिळवलेले आहेत. चोरी एकाच्या घरात झाली आणि किल्ली दुसऱ्याच्या दाराला लागली, ती अशी.

म्हणून ईमेलचा पासवर्ड नवा करा, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, सगळ्या उपकरणांवरून एकदम बाहेर पडायचा पर्याय असतो तो दाबा. सेटिंगमध्ये जाऊन आपले मेल परस्पर दुसऱ्या कुठल्या पत्त्यावर जात नाहीत ना, तेही पाहा. एकदा आत शिरलेला माणूस ही सोय स्वतःसाठी करून ठेवतो आणि पासवर्ड बदलल्यावरही तुमची टपाल वाचत राहतो. त्यानंतर गेमचा पासवर्ड. मग जिथं जिथं तोच जुना लावला असेल तिथला.

आता कार्ड. बँकेतलं खातं बंद करायचं काहीच कारण नाही. भारतातल्या कुठल्याही दुकानदार कंपनीला १ ऑक्टोबर २०२२ पासून तुमच्या कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे बदली क्रमांक असतो. परदेशातल्या कंपनीला मात्र हा नियम लागू नाही. मागचे तीन आकडे कोणीच साठवायचे नसतात, हा कार्डांच्या धंद्यातला जगभरचा नियम आहे. पण परदेशी व्यवहारात प्रत्येक वेळी ओटीपी विचारतीलच असं नाही, आणि भीती आहे ती तिथंच. २०२० पासून बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा परदेशी वापर चालू-बंद करायची सोय आहे. गेम घेताना तुम्ही किंवा मुलानं तो चालू केला असणार. आज बंद करा. मन शांत होत नसेल तर कार्ड ब्लॉक करून नवं मागवा. थोडं शुल्क जाईल आणि चार ठिकाणी नवा क्रमांक घालावा लागेल, एवढंच. मी तुमच्या जागी असते तर बदललंच असतं. ‘पुरावा आढळलेला नाही’ या वाक्याचा अर्थ ‘गेलेलं नाही’ असा होत नाही. तपास अजून चालू आहे, एवढाच होतो.

आणि समजा पैसे गेलेच, तर रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक लक्षात ठेवा. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याकडूनच माहिती फुटली, अशा वेळी बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत केली तर बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये तुमच्या माथी. त्यानंतर बँकेचं धोरण काय म्हणेल ते. संदेश आला तो दिवस मोजायचा नाही, आणि कामकाजाचे दिवस धरायचे ते तुमच्या शाखेचे. म्हणजे चवथीची दुसऱ्या दिवसाची सुट्टी किंवा जुन्या गोव्याच्या फेस्ताची ३ डिसेंबरची सुट्टी मुंबईच्या कॉल सेंटरवाल्याला ठाऊक नसली तरी तुमच्या बाजूनं मोजली जाते. बँकेत नोकरीला असताना काउंटरवर बसून हे वाक्य मी किती गिऱ्हाइकांना वाचून दाखवलंय, त्याचा हिशेब नाही. चूक गिऱ्हाइकाची होती हे सिद्ध करायचं ओझंही बँकेवर आहे. फोनवर कोणी उलटं सांगितलं तर त्याच्याकडून लेखी मागा.

‘हॅश’ म्हणजे काय, ते माझ्या भाच्यानं मला समजावलं, त्याचं म्हापशाला संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. कंपनी तुमचा पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही, तो एका गणिती रगड्यातून काढते आणि वाटण तेवढं ठेवते. वाटलेल्या खोबऱ्याचा पुन्हा नारळ होत नाही. तुम्ही दर वेळी पासवर्ड दिला की तो वाटून दोन्ही वाटणं सारखी आहेत का, एवढंच पाहिलं जातं. चोराच्या हाती हे वाटण लागलं तर तो उलटा जाऊ शकत नाही. पण तो शहाणा असतो. नेहमीचे, सोपे, लोक हमखास लावतात असे लाखो पासवर्ड तो स्वतःच वाटतो आणि कुठलं वाटण जुळतं ते बघतो. मुलाचा पासवर्ड क्रिकेटपटूचं नाव आणि १२३ असा असेल तर हॅशचा उपयोग जवळपास नाही. लांबलचक आणि कुठंच न वापरलेला असेल तर बराच आहे.

पोलिसांचं म्हणाल, तर नुसती माहिती फुटल्याची फिर्याद घेऊन फिरायची गरज नाही. मेल जपून ठेवा. एक रुपया जरी गेला तरी मात्र पहिला फोन बँकेला, लगेच दुसरा १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला. पैसे पुढच्या खात्यात असेतोवर अडवता येतात, तिथून काढले गेले की मागे धावणं आलं. नंतर जवळचं पोलीस ठाणं किंवा रायबंदरचं सायबर पोलीस ठाणं.

*माझ्या नातवाच्या गेमची माहिती चोरीस गेली म्हणून भरपाई द्यायची आहे, असा फोन आला. त्याला नातवाचं पूर्ण नाव, घरचा पत्ता, वाढदिवस सगळं माहीत होतं. हिंदीत बोलत होता, फार अदबीनं. मी म्हटलं, मुलगा संध्याकाळी येईल तेव्हा कर. खरा असेल का?*
— आजी, म्हार्दोळ

खोटा, आजी. पूर्ण नाव, पत्ता, वाढदिवस हेच तर चोरीला गेलं आहे, ते माहीत असणं ही कसली ओळख? कुठलीही गेम कंपनी आजीला फोन करून भरपाई देत नाही. दिली तर त्याच खात्यात गेमच्या रूपात देते, आणि तीही नातवालाच दिसते. तो पुन्हा फोन करेल. एखादा चौकोनी कोड पाठवेल, नाहीतर चार-सहा आकडी पिन घालायला सांगेल. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, तो द्यायला लागतो. तुम्ही त्याला संध्याकाळचं सांगितलंत ते उत्तम केलंत. असल्या माणसाला थांबायला वेळ नसतो.

*माझे धाकटे दीर पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला गेले, तिथंच नोकरी करतात. २०११ च्या त्या मोठ्या चोरीच्या वेळी त्यांचं प्लेस्टेशनचं खातं होतं. दोन गेम फुकट मिळाल्याचं त्यांनी तेव्हा फोन करून कौतुकानं सांगितलं होतं. आता इथं पुतण्याच्या खात्याचं हे झाल्यावर म्हणतात, असल्या चोऱ्यांनी काही होत नाही, मला कुठं काय झालं? पासवर्ड अजून तोच आहे : कुळदेवतेचं नाव आणि जन्मसाल. शिवाय विचारतात, तेव्हा सोनीला दंड झाला, त्यातलं आम्हाला काय मिळालं? वहिनी म्हणून मी काय सांगू?*
— एक वाचक, डिचोली

दिरांना काही झालं नाही, हे खरं असेल. ७ कोटी ७० लाख खात्यांपैकी बहुतेकांना काही झालं नाही. पण ‘मला झालं नाही’ म्हणणाऱ्यानं ती गोष्ट पूर्ण ऐकावी.

१७ ते १९ एप्रिल २०११ या दिवसांत कोणीतरी प्लेस्टेशनवाल्या सोनीच्या सर्व्हरमध्ये शिरलं होतं. सोनीनं २० तारखेला प्लेस्टेशन नेटवर्क, म्हणजे ऑनलाइन खेळायची सेवा, बंद केलं, पण खेळणाऱ्यांना खरं कारण सांगितलं २६ तारखेला. तोवर लोकांना वाटत होतं की नेहमीसारखी दुरुस्ती चालली असेल. म्हणजे दिरांची जन्मतारीख आणि पत्ता दुसऱ्याच्या हातात, आणि दीर आपले यंत्र सुरू-बंद करून बघताहेत. १ मे रोजी टोकियोत सोनीच्या गेम व्यवसायाचे प्रमुख काझुओ हिराई आणि त्यांचे सहकारी पत्रकारांपुढं कमरेत वाकून उभे राहिले, ते छायाचित्र जगभर छापून आलं. दुसऱ्याच दिवशी नवी बातमी : सोनीच्याच दुसऱ्या गेम कंपनीतून आणखी २ कोटी ४६ लाख खात्यांची माहिती गेलेली असू शकते. त्यात २००७ सालच्या, वापरात नसलेल्या एका जुन्या साठ्यातले अमेरिकेबाहेरचे सुमारे १२,७०० कार्ड क्रमांक होते.

मला त्या सगळ्या प्रकरणात हा जुना साठा सगळ्यात जास्त खटकतो. चार वर्षांपूर्वीचं, कोणाला नको असलेलं, पण कोणी फेकलंही नाही असं. बँकेत जुने व्हाउचर किती वर्षं ठेवायचे आणि कधी नष्ट करायचे याचं वेळापत्रक असायचं, आणि नष्ट करताना दोघांच्या सह्या लागायच्या. आम्ही त्याला कटकट म्हणायचो.

नेटवर्क मेच्या मध्यापासून टप्प्याटप्प्यानं सुरू झालं. दिरांना मिळाले ते दोन गेम ‘परत स्वागत’ म्हणून दिलेले होते, पाचांच्या यादीतून निवडायचे, आणि वर महिनाभराचं सशुल्क सदस्यत्व. घ्यायला हरकत काहीच नव्हती, आजही कोणी देत असेल तर घ्यावं. फक्त त्याला भरपाई म्हणू नये. दंडाचं म्हणाल तर जानेवारी २०१३ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयानं २,५०,००० पौंडांचा दंड केला. सॉफ्टवेअर वेळेवर अद्ययावत केलं असतं तर हल्ला टळला असता, असा ठपका होता. सोनीनं आधी अपील केलं, मग मागे घेतलं. ते पैसे ब्रिटिश सरकारच्या तिजोरीत गेले, स्विंडनला कोणाच्या घरी नाही. आपल्याकडंही वेगळं नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती नीट न सांभाळल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो सरकारजमा होतो. ज्याची माहिती गेली त्याला त्यातून काही देण्याची तरतूद नाही. हे मला पटत नाही, पण आहे ते असं आहे.

राहिला पासवर्ड. नोकरीत असताना लोक पासबुकच्या मागच्या पानावर पासवर्ड लिहून आणायचे आणि ‘चालत नाही, बघा’ म्हणून माझ्यापुढं धरायचे. फोंड्याच्या शाखेत त्यातल्या बऱ्याच पानांवर शांतादुर्गा असायची, खालोखाल मंगेश. देवावर श्रद्धा ठेवावी, पासवर्डात देव घालू नये. दिरांचं आडनाव कळलं की कुळदेवता कोणती याचा अंदाज आपल्याकडचा कोणीही बांधेल, आणि जन्मसाल तर २०११ लाच गेलं. हीच गत ‘आईचं माहेरचं आडनाव काय’ या प्रश्नाची. तुमच्या गावात ते पाव विकणारा पोदेरही सांगेल. अशा प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं बंधन नसतं, भलतंच काहीतरी ठरवून वहीत लिहून ठेवावं.

त्यांना एक काम सांगा, करायला काही मिनिटंच लागतील. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन माणसानं २०१३ च्या डिसेंबरात ‘हॅव आय बीन पॉन्ड’ नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. तिथं आपला ईमेल घातला की तो आजवरच्या कोणकोणत्या फुटलेल्या साठ्यांत सापडला आहे, ती यादी येते. पासवर्ड विचारत नाही. इतक्या वर्षांचा एकच ईमेल आणि एकच पासवर्ड म्हटल्यावर यादी बहुतेक लांब असेल. वहिनीनं सांगितलेलं ऐकत नसतील तर ती यादी ऐकवेल.

*मी वेर्ण्याला कारखान्यात शिफ्टला आहे. पैसे लावून रमी खेळायचो, आता ते अ‍ॅप बंद झालं. शिल्लक परत मिळाली. पण त्यांच्याकडं माझं पॅन, आधारचा फोटो आणि सेल्फी आहे. गेम कंपन्यांच्या चोऱ्या वाचून झोप उडाली आहे. ते पुसून टाका म्हणून सांगता येतं का? घरी माहीत नाही, नाव छापू नका.*
— कुर्टी

नाव छापत नाही. रमीचं भाषणही देत नाही, ते काम संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा करून उरकलं आहे. (मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजांवर तो कायदा चढत नाही, तो विषय वेगळा.)

तुमची काळजी मात्र मला साखळीच्या पालकांच्या काळजीपेक्षा रास्त वाटते. कार्ड नवं मिळतं. पॅन आणि आधारचा क्रमांक जन्मभराचा, आणि चेहरा तर त्याहून. जिंकलेल्या निव्वळ रकमेवर ३० टक्के कर कापून भरायचा म्हणून पॅन घेतलं होतं, तेव्हा कराच्या नोंदी कंपनीला काही वर्षं ठेवाव्याच लागतील. त्या पुसा म्हणता येणार नाही. पण खातं बंद करा आणि कायद्यानं ठेवायला लागत नाही ते सगळं काढून टाका, असं त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला आजच ईमेलनं लिहा. सेल्फीचा उल्लेख स्वतंत्र करा. पुसून घेण्याचा हक्क वर सांगितलेल्या २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी तेव्हापासून १८ महिन्यांची मुदत दिली आहे. म्हणून त्यांचं उत्तर गुळमुळीत येऊ शकतं. तरी लिहा. तारखेचा कागद आपल्याकडं असू द्या.

त्यांच्या उत्तराची वाट न बघता करायची कामं तुमच्या हातातली आहेत. आधारच्या अ‍ॅपमधून बायोमेट्रिक (बोटांचे ठसे, डोळे, चेहरा) लॉक करा, आणि तुमचं आधार कुठं कुठं पडताळलं गेलं त्याचा इतिहासही तिथंच पाहा. पुढं कोणी आधार मागितलं तर क्रमांकाऐवजी द्यायचा १६ आकडी व्हर्च्युअल आयडी चालतो का, ते आधी विचारा. सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तुमच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते दिसतं, अनोळखी असेल तर तिथूनच कळवा. आणि सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो मागवा. तुम्ही न घेतलेलं कर्ज तुमच्या पॅनवर कोणी घेतलं असेल तर ते आधी तिथं दिसतं, वसुलीवाला दारात येण्याच्या पुष्कळ आधी. दर काही महिन्यांनी वेगवेगळ्या कंपनीकडून मागवलात तर वर्षभर नजर राहते आणि पैसा लागत नाही.

घरी सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. वसुलीचा फोन घरच्या क्रमांकावर येतो, एवढं धरून बघा.

*गेमच्या खात्यात मुलीची खोटी जन्मतारीख घालावी का? ती तेरा वर्षांची आहे.*
— म्हापसा

मोठी करून घालू नका. तसं केलं की लहान मुलांसाठी असलेली बंधनं तिच्या खात्यावरून उठतात : अनोळखी माणसांचे संदेश, खरेदी, सगळं मोकळं. पालकाच्या खात्याखाली मुलाचं खातं काढायची सोय बहुतेक मोठ्या सेवांत असते, ती वापरा. साल खरं असू द्या. दिवस आणि महिना बदलायचा मोह मला कळतो, पण खातं हातचं गेलं आणि परत मिळवायला ओळखपत्र मागितलं तर तारीख जुळणार नाही. त्यापेक्षा जिथं सक्ती नाही तिथं पत्ता, शाळेचं नाव, फोन काहीच भरू नका. आणि खात्याचं टोपणनाव ठेवताना तिचं खरं नाव, आडनाव किंवा जन्मसाल त्यात येऊ देऊ नका. ते चोरी न होताही सगळ्यांना दिसतं.